सगळ्यात जास्त फ्लोवाला इंजेक्टरच बाद?

प्रश्न : माझी चार सिलेंडरची जुनी पेट्रोल गाडी आहे, आयडलिंगला थरथरायची आणि गरम असताना दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली की परत चालू करायला बराच वेळ सेल्फ मारावा लागायचा, म्हणून चारही इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे नोझल) काढून अल्ट्रासोनिकमध्ये क्लीन करून टेस्ट करून घेतले. ३ बारला मिनिटाचा फ्लो आधी १९८, १७१, १९६, १९० सीसी होता, आता २०४, २०२, २०५, १९२ आलाय. स्प्रे चारींचा छान पडतोय, फक्त ३ नंबरच्या टोकाला प्रेशर धरून ठेवलं की मिनिटात तीन-चार थेंब गळतात. मेकॅनिक म्हणतो फ्लो मस्त आहे, बसवून टाकू. बसवू का?

उत्तर : १ आणि २ नंबर बिनधास्त बसवा, बाकीचे दोन थांबवा. २ नंबर नुसता कचऱ्याने चोंदलेला होता, १७१ वरून २०२ ला आला म्हणजे क्लीनिंगचे पैसे त्याने एकट्यानेच वसूल केले म्हणा.

तुमचा मेकॅनिक आकडा बघतोय आणि ३ नंबरचा आकडा सगळ्यात भारी आहे, पण गळतोय तोच. फ्लो म्हणजे इंजेक्टरच्या आतली सुई उघडल्यावर किती पेट्रोल जातं ते, आणि बंद झाल्यावर सुई सीटवर, म्हणजे तिच्या बसायच्या जागेवर, नीट बसते की नाही हे त्यातून अजिबात कळत नाही. मिनिटाला एखादा थेंब बरेच जण चालवून घेतात, तीन-चार म्हणजे नाहीच. इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाइपमध्ये, प्रेशर राहतं, मग हा बाबा हळूहळू पेट्रोल आत सोडत बसतो, रेलचं प्रेशर उतरतं, एका सिलेंडरकडे जास्तीचं पेट्रोल साचतं आणि तुमचा तो गरम असतानाचा सेल्फचा त्रास मला तरी इथूनच येतोय असं वाटतं. शिवाय पेट्रोल खाली उतरून ऑइल पातळ करतं ते वेगळंच. कधीकधी सीटवर बारीक कण अडकलेला असतो त्यामुळे अजून एकदा क्लीन करून लीक टेस्ट घ्या, तरी गळला तर सरळ फेका, तिसऱ्यांदा नादी लागू नका.

आता ४ नंबर. १ आणि २ च्या सरासरीपेक्षा तो पाच टक्क्यांनी तरी कमी आहे, मी स्वतः सेटमध्ये दोन-तीन टक्क्यांच्या वर फरक ठेवत नाही. लोक म्हणतात ऑक्सिजन सेन्सर आहे ना, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सांभाळून घेईल, पण सेन्सरला सगळ्या सिलेंडरचा धूर एकत्र मिळतो, त्यामुळे ईसीयू एकट्या चौथ्याला वाढवून देत नाही, सगळ्यांनाच थोडं जास्त देतो, म्हणजे चौथा लीनच (पेट्रोल कमी) राहतो आणि बाकीचे उगाच रिच (पेट्रोल जास्त) होतात. क्लीन करून फक्त २ सीसी वाढले म्हणजे अडचण बहुतेक टोकाच्या कचऱ्याची नाहीच. आधी विचारा की वरच्या तोंडातली बारीक जाळी, म्हणजे फिल्टर, बदलली का? बऱ्याचदा जुनीच ठेवतात.

अजून एक, तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त सलग उघडा ठेवून घेतलेला फ्लो दिसतोय. आयडलिंगला इंजेक्टर एका वेळी जेमतेम दोन-तीन मिलीसेकंद उघडतो, त्यात जरा आळशी सुई लगेच मागे पडते आणि सलग फ्लोमध्ये ते लपून जातं. म्हणून छोट्या पल्सवरची, म्हणजे क्षणभर उघडून बंद करत घेतलेली, टेस्ट चारींची मागून घ्या, थरथर तिथेच सापडेल. सुई उघडणाऱ्या कॉइलचा रेझिस्टन्स पण मोजा, या टाइपचे बहुतेक १२ ते १६ ओहमचे असतात, चारींचा जवळपास सारखा हवा, गरम झाल्यावर सगळ्यांचाच थोडा वाढतो तेव्हा घाबरू नका.

कंपनीच्या आकड्याशी तुलना करत बसू नका, टेस्टिंगच्या बेंचवर सहसा पेट्रोल नसतं, टेस्टिंगचं लिक्विड असतं, आकडे थोडे इकडेतिकडे होणारच. एखादा नवीन घ्यावा लागला तर तोही त्याच बेंचवर बाकीच्यांसोबत लावून बघा, नवीन आहे म्हणून मॅच होईलच असं नाही.

आणि बसवताना ओ-रिंग नव्याच टाका, थोडं स्वच्छ इंजिन ऑइल लावून, सिलिकॉन वगैरे नको. नंतर इंजिन चालू न करता चावी दोन-तीनदा ऑन करून पंपाला प्रेशर भरू द्या आणि रेलपाशी ओल दिसते का ते टॉर्चने बघा.