पेरोव्हस्काइट नॅनोक्रिस्टलचं पीक ४८० नॅनोमीटरला आणायचंय, क्लोराइड-ब्रोमाइडचा रेशो किती घेऊ?

सिझियम लेड हॅलाइडबद्दलच, म्हणजे सिझियम, शिसं आणि क्लोराइड-ब्रोमाइडसारखं हॅलाइड यांच्या चमकणाऱ्या अतिसूक्ष्म स्फटिकांबद्दलच विचारताय असं धरून लिहिते; पीक म्हणजे त्यांच्या प्रकाशाची सगळ्यात तेज तरंगलांबी. आकडा आधी देऊन टाकते. ब्रोमाइडचं पीक ५१५ च्या आसपास, म्हणजे ऊर्जेत २.४१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, क्लोराइडचं ४१०, म्हणजे ३.०२, आणि तुमचं ४८० म्हणजे २.५८. मधे सरळ रेघ मारली तर एकूण हॅलाइडमध्ये पाव भागाहून जरा जास्त क्लोराइड पाहिजे. पण हा आकडा क्रिस्टलच्या आतला आहे, फ्लास्कमधला नाही, आणि नेमक्या याच गोष्टीवरून मी लॅबमध्ये खूप भांडलेय, म्हणून उत्तर लांबणार.

आमच्याकडे एक सिनियर होता, हात फार चांगला, हॉट इंजेक्शन, म्हणजे गरम मिश्रणात एका झटक्यात दुसरं सोल्युशन सोडून क्रिस्टल बनवणं, त्याच्याइतकं नीट कुणाचंच व्हायचं नाही. लेड क्लोराइड आणि लेड ब्रोमाइड अर्धं-अर्धं मोजायचं, ऑक्टाडेसीन, ओलेइक अ‍ॅसिड, ओलेइलअमीन, व्हॅक्यूम, नायट्रोजन, मग गरम सिझियम ओलिएट एका दमात आत आणि पाचेक सेकंदांत फ्लास्क बर्फाच्या पाण्यात, सगळं अगदी रीतसर. आणि मग व्हायलवर मार्करनं लिहायचं "क्लोराइड ५०". पोस्टरवर तेच, ग्राफच्या आडव्या अ‍ॅक्सिसवरही तेच. मी त्या फ्लास्कच्या तळाशी पांढरी पावडर तशीच बसलेली बघितली होती. लेड क्लोराइड सुखासुखी विरघळत नाही, ट्रायऑक्टाइलफॉस्फीन घालावं लागतं, तापमानही जास्त लागतं, आणि त्यानं ते घातलं नव्हतं. जे विरघळलंच नाही ते क्रिस्टलमध्ये जाणार कुठून? शिवाय झुरिकच्या कोवालेंको ग्रुपच्या २०१५ च्या मूळ रेसिपीतच लेड हॅलाइड सिझियमच्या तिप्पट-चौपट असतं, म्हणजे सगळं व्यवस्थित विरघळलं तरी बरंचसं हॅलाइड बाहेर सोल्युशनमध्येच राहतं, मग आतलं प्रमाण बाहेरच्यासारखंच असेल हे कुणी सांगितलं?

मी एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी क्रिस्टलची रचना दाखवणारा आलेख, काढून दाखवला. क्लोराइड जितकं जास्त तितकी लॅटिस (अणूंची जाळी) आखडते आणि एक्सआरडीचं पीक जास्त अँगलकडे सरकतं, त्याचं पीक दोन्हीच्या मधे यायला पाहिजे होतं, ते ब्रोमाइडला चिकटून होतं. तो म्हणाला इन्स्ट्रुमेंट शिफ्ट आहे. मग सॅम्पलमध्ये सिलिकॉन पावडर, जिचं पीक कुठं येतं ते पक्कं माहीत असतं, मिसळून परत रन केलं. सिलिकॉनचं पीक २८.४ अंशांवर, असायला पाहिजे तिथंच, आणि आमचं पीक पुन्हा ब्रोमाइडपाशीच. यावर गाईडचं म्हणणं काय, तर "पेपरमध्ये सगळे असंच लिहितात." पोस्टर तसंच गेलं. मला ते आजही पटलेलं नाही. फीड रेशो, म्हणजे फ्लास्कमध्ये घातलेलं प्रमाण, हा फीड रेशो आहे, त्याला क्रिस्टलचं कॉम्पोझिशन म्हणणं चूक आहे आणि सगळे म्हणतात म्हणून ते बरोबर होत नाही.

आता तुमच्या कामाचं. रेशोच्या मागे लागूच नका. शुद्ध ब्रोमाइडची एक चांगली बॅच करा. हे क्रिस्टल वर कसलंही शेल (दुसऱ्या पदार्थाचं कवच) न चढवता चमकतात, पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत अंगशुमन नाग यांच्या ग्रुपनं २०१५ मध्येच ब्रोमाइडला ९० टक्क्यांच्या आसपास क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनपैकी प्रकाश म्हणून परत येणाऱ्यांचा वाटा) दाखवलं होतं, त्यामुळे सुरुवात भक्कम असते. मग लेड क्लोराइड वेगळं नीट विरघळवून घ्या आणि ते सोल्युशन रूम टेंपरेचरलाच थोडं थोडं घालत जा. याला अ‍ॅनायन एक्स्चेंज म्हणतात, म्हणजे क्रिस्टलमधल्या ब्रोमाइडच्या जागी क्लोराइड शिरतं, झुरिकचा कोवालेंको ग्रुप आणि जेनोआचा मान्ना ग्रुप, दोघांनीही त्याच वर्षी दाखवलंय. यूव्ही टॉर्चखाली धरलंत तर हिरव्याचं मोरपिशी आणि मोरपिशीचं निळं होताना डोळ्यांदेखत दिसतं. दर वेळी थोडं सॅम्पल पातळ करून पीएल (प्रकाश पाडल्यावर सॅम्पल जे चमकतं त्याचा स्पेक्ट्रम) घ्या, घट्ट सोल्युशन स्वतःचाच प्रकाश गिळतं आणि पीक लालकडे सरकलेलं दिसतं. ४८० आलं की थांबा. जास्त झालं तर ब्रोमाइड सोल्युशन घालून परत मागे येता येतं. वजनकाट्यावर ट्यूनिंग होत नाही, स्पेक्ट्रोमीटरवर होतं.

साइज कमी करून ४८० आणा असंही कुणीतरी सांगेल. ब्रोमाइडच्या पातळ प्लेटलेटनं (चपट्या क्रिस्टलनं) निळं मिळतं, पण जाडी पूर्ण थरांतच वाढते त्यामुळे पीकही पायरीपायरीनं सरकतं, तुमचं ४८० पायरीवर असेलच असं नाही.

बाकी काही गोष्टी राहिल्या. क्लोराइड वाढेल तशी चमक पडते, तेव्हा क्वांटम यील्ड शेवटच्या सॅम्पलचं मोजा, सुरुवातीच्या ब्रोमाइडचं नाही. इथेनॉलनं धुऊ नका, लिगंड (क्रिस्टलला चिकटून त्याला सांभाळणारे रेणू) निघून जातात आणि माल खराब होतो, मिथाइल अ‍ॅसिटेट वापरा. डायक्लोरोमिथेनमध्येही ठेवू नका, उजेडात तेच क्लोराइड देतं आणि पीक आपोआप निळ्याकडे जातं. हिरवी आणि निळी बॅच एकत्र ओतली तर दोन पीक राहत नाहीत, मधलं एकच होतं, त्यामुळे पिपेट वेगवेगळे ठेवा. आणि एलईडी करणार असाल तर करंटखाली मिक्स हॅलाइड वेगळे व्हायला लागतात, पीक जागेवर राहत नाही, तिथं माझं वरचं सगळं अपुरं आहे.

रिपोर्टमध्ये मात्र दोन कॉलम ठेवा, एक काय घातलं त्याचा आणि एक ईडीएसवर (सॅम्पलमधली मूलद्रव्यं मोजणाऱ्या तंत्रावर) काय सापडलं त्याचा, तेही सॅम्पल नीट धुतल्यावर, नाहीतर उरलेलं लेड क्लोराइडच मोजलं जाईल. गाईड दुसरा कॉलम काढून टाका म्हणतील. काढू नका.