मुलीला जर्मन नाही, ‘जर्मनिक’ भाषा शिकायच्यात

पत्र:

मॅडम, आम्ही खानापूर तालुक्यातले. मी उद्यमबागेत एका फौंड्रीत मशीनवर आहे, गावाकडं थोडी शेती. मुलगी सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, पुढं बेळगावात इंग्रजी माध्यमात शिकली. यंदा पीयूसी सेकंड इयरला आर्ट्समध्ये ८९ टक्के पडले. बी.कॉम. कर, बँकेच्या परीक्षा दे म्हटलं तर ऐकत नाही. वर्षभर मोबाईलवर जर्मन शिकूलालीय. आता म्हणते, बीएला ‘जर्मनिक लँग्वेजेस’ घ्यायच्यात, युरोपात तसा कोर्स असतो. बेळगावातला एक एजंट म्हणतो, तिथं फी नाही, बारा लाखांत जर्मनीला बीएला पाठवतो. घरात मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा आधीच आहेत. पाचवीनं पोट भरंल काय? मी चुकत असलो तर सांगा.

उत्तर:

नमस्कार. एजंटाला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

तो म्हणतो ते सगळंच खोटं नाही, म्हणून ते जास्त घातक आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण-फी नाही हे खरं. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. मग बारा लाख कशाचे? व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच बंद खात्यात ठेवावा लागतो. ती रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. ते पैसे मुलीच्याच नावावर राहतात आणि तिथं गेल्यावर दरमहा ९९२ युरो या हिशोबानं तिला परत मिळतात. एजंट तुमचेच पैसे तुम्हाला ‘पॅकेज’ म्हणून दाखवतोय. आणि ते फक्त पहिल्या वर्षाचे. बीए तीन वर्षांचं असतं, हे तो बोललेला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितलेली नसणार. आपली बारावी, म्हणजे तुमची पीयूसी, झाल्या झाल्या जर्मन विद्यापीठात बीएला थेट जागा सहसा मिळत नाही. एक तर इथल्या विद्यापीठात पदवीचं एक वर्ष पुरं करावं लागतं, नाहीतर तिथं ‘श्टुडियनकोलेग’ नावाचं पूर्वतयारीचं वर्ष. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना कागदपत्रं तपासून घेऊन एपीएस प्रमाणपत्र काढावं लागतं. आणि जर्मन भाषा-साहित्यच शिकायचं तर तिथं साधारण सी१ पातळीची जर्मन हवी (भाषेच्या या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत चढत जातात). मोबाईलवर वर्षभर शिकलेली मुलगी फार तर ए२ च्या आसपास असेल. सी१ ते नव्हे.

आता तुमच्या मुलीच्या त्या शब्दाकडं येते, कारण तुमचं तिथंच अडलंय असं मला वाटतं. ‘जर्मनिक’ म्हणजे जर्मन नव्हे. ते एका भाषाकुळाचं नाव आहे. त्यात जर्मन आहे, डच आहे, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक आहेत, दक्षिण आफ्रिकेतली आफ्रिकान्स आहे, यिडिश आहे, आणि तुमच्या मुलीची इंग्रजीसुद्धा आहे. त्यातली एक जुनी शाखा, गॉथिक, मरून गेली. चौथ्या शतकात तिच्यात बायबलचं भाषांतर झालं, त्याचे तुकडे उरले आहेत. युरोपातल्या काही विद्यापीठांत यांतल्या दोन-तीन भाषा एकत्र घेऊन, त्या एकमेकींपासून कशा फुटल्या याचाही अभ्यास करून पदवी करता येते. भारतात त्या स्वरूपाची पदवी तिला मिळणार नाही. इथं मिळते ती जर्मनची. दिल्ली विद्यापीठातल्या विभागाचं नाव ‘जर्मॅनिक अँड रोमान्स स्टडीज’ आहे खरं, पण तिथं पदवी एकेका भाषेची असते.

मुलीला हा विषय का भुरळ घालतो ते एका उदाहरणानं सांगते. संस्कृतात भ्रातृ, पितृ, मातृ. तिन्हींत ‘त’. जर्मनमध्ये भाऊ ‘ब्रूडर’, पण बाप ‘फाटर’ आणि आई ‘मुटर’. एकाच ‘त’ चा एकीकडं ड आणि दुसरीकडं ट का झाला? १८७० च्या दशकात कार्ल वेर्नर या डॅनिश माणसानं याचं उत्तर वेदातल्या स्वरांत शोधलं. भ्रातृ शब्दात आघात पहिल्या अक्षरावर आहे, पितृ आणि मातृ यांत शेवटच्या. तो आघात जर्मनमधून पार पुसला गेलाय, पण हजारो वर्षांपूर्वी तो कुठं होता त्याची खूण ड आणि ट मध्ये उरली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही. तुमच्या मुलीला हा परिच्छेद वाचून दाखवा. तिचे डोळे चमकले तर ती एका जातीची विद्यार्थिनी. तिनं ‘बरं, पण नोकरी?’ म्हटलं तर दुसऱ्या जातीची. दोन्ही चांगल्याच, पण दोघींचे रस्ते वेगळे.

भाषा वापरायला शिकायची असेल तर बीए लागतंच असं नाही. बेळगावात राहून इंग्रजी, मराठी, कॉमर्स, काहीही करा आणि सोबत माक्स म्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेचे ऑनलाईन वर्ग लावून बी२ पर्यंत जा. (गंमत म्हणजे ज्यांचं नाव या भवनाला आहे त्या माक्स म्युलरनी ऋग्वेद छापून काढला, पण भारतात पाऊल ठेवलं नाही.) बी२ म्हणजे साधारण सहाशे ते आठशे तासिकांचा अभ्यास. रोज तासभर बसलं तर दीड-दोन वर्षांत होतो. परीक्षेला पुणं किंवा बंगळूर गाठायचं.

भाषा का तशी झाली हे शिकायचं असेल तर मात्र पदवी हवी. त्यासाठी दिल्लीत जेएनयू आणि हैदराबादेत इफ्लू या दोन केंद्रीय विद्यापीठांत जर्मनचं बीए ऑनर्स आहे. शून्यापासून शिकवतात, फी कमी असते. जेएनयूचा प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतो. तिनं ती दिली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिली नसेल तर यंदासाठी पुणं बघा. फर्ग्युसनमध्ये जर्मनचा विभाग आहे, आणि त्याच रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग. पुण्यात अडचण एकच: तिथली बरीच मुलं अकरावी-बारावीला जर्मन घेऊन आलेली असतात. तुमची मुलगी ए२ प्रमाणपत्र घेऊन गेली तर पहिल्या वर्षी तिची दमछाक होणार नाही. कोल्हापूर जवळ पडतं, शिवाजी विद्यापीठातही परकीय भाषांचा विभाग आहे. तिथं सध्या काय चालू आहे ते एकदा जाऊन विचारा, बसनं दोन-अडीच तासांचं तर काम.

तुमच्या भागातले लोक हमखास विचारतात म्हणून सांगते. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या प्रवेशांत सवलत असते. बीएला ती धरून चालू नका. इथं दुसऱ्या राज्याच्या बोर्डाचा विद्यार्थी म्हणून मायग्रेशन आणि पात्रता दाखल्याचं काम निघेल, ते जूनच्या आधी उरकलेलं बरं.

आता पोट भरंल काय, या प्रश्नाकडं. गुळगुळीत उत्तर देणार नाही. नुसतं भाषांतर करून पोट भरण्याचे दिवस मावळत चाललेत. साधी पत्रं, माहितीपत्रकं आता यंत्र करतं, आणि त्यातलं एक चांगलं यंत्र जर्मनीतल्या कोलोनच्याच कंपनीचं आहे. शाळेत जर्मन शिकवणं हा दुसरा रस्ता. पण केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून असलेली जर्मन २०१४ च्या अखेरीस एका निर्णयात काढली गेली. त्याआधी मीच मुलांना ‘शाळांत मागणी वाढतेय’ असं सांगत होते. तेव्हापासून सरकारी धोरणावर उभी असलेली नोकरी मी कुणाला पहिली म्हणून सुचवत नाही. उरतं काय? पुणे आणि बंगळूरच्या कंपन्यांत जर्मन ग्राहकांचं, खरेदीचं, हिशोबाचं, तक्रारींचं काम. तिथं बी२-सी१ ची जर्मन आणि सोबत दुसरं एखादं कौशल्य विचारतात. म्हणजे तुमचं बी.कॉम. अगदीच वाया जाणारी कल्पना नव्हती. टॅली आणि एक्सेल येणारी जर्मनवाली मुलगी नुसत्या जर्मनवालीपेक्षा आधी लागते.

वर्तमानपत्रात महाराष्ट्र सरकारचा बाडेन-वुर्टेम्बर्गशी २०२४ मध्ये झालेला करार तुम्ही वाचला असेल. तो नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कुशल कामगारांसाठी आहे. बीएवाल्यांचा त्यात संबंध नाही. कुणी त्या कराराच्या नावानं पैसे मागितले तर उठून या.

पण एक कोपरा असा आहे जिथं मराठी माणसं फार थोडी आहेत, आणि तो तुमच्यापासून लांब नाही. सुट्टीत तुम्ही मंडळी वेंगुर्ल्याला जाता ना? तिथं डच वखारीचे पडके अवशेष आहेत. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी तिथं बसून आदिलशाही, पोर्तुगीज आणि शिवाजी महाराज यांच्या हालचाली लिहून पाठवत. त्या कंपनीचे कागद नेदरलँड्समधल्या हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात किलोमीटरभराहून लांब फडताळांत आहेत, जुन्या डचमध्ये, जुन्या वळणात. लायडन विद्यापीठानं आशियातल्या विद्यार्थ्यांना ती डच शिकवून या कागदांवर काम करायला लावलं. मराठी आणि मोडी वाचणारी, वर डच वाचणारी माणसं किती असतील? जर्मन पक्की झाली की डच परकी राहत नाही. जर्मन ‘त्सेन’ म्हणजे दहा, डच ‘टीन’, इंग्रजी ‘टेन’. जर्मन ‘आप्फेल’, डच ‘आपेल’, इंग्रजी ‘अ‍ॅपल’. डच मधे बसलेली आहे. ही पीएच.डी. पर्यंतची लांब वाट आहे, पगार उशिरा येतो. पण मुलीच्या डोक्यात ‘जर्मनिक’ शब्द का बसलाय ते तुम्हाला यातून समजेल.

उलट दिशेनं आलेली माणसंही आहेत. धारवाड-हुबळीच्या बाजूला राहिलेला फर्डिनंड किट्टेल हा जर्मन मिशनरी. त्याचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली निघाला, कन्नड माणसं आजही त्याचं नाव आदरानं घेतात. आणि हायडेलबर्गचे ग्युंथर सोंथायमर. धनगरांच्या ओव्या, खंडोबा, बिरोबा यांसाठी त्यांनी मराठी शिकून रानोमाळ पायपीट केली.

‘चार भाषा आधीच आहेत’ हे तुम्ही तक्रारीसारखं लिहिलंत. मला ते भांडवल वाटतं. ‘कारण मी दमलेली आहे’ हे जर्मनमध्ये ‘वाइल इश म्यूडे बिन’ होतं, शब्दाला शब्द, क्रियापद शेवटी. इंग्रजीवरून जर्मनकडं जाणारे इथं अडखळतात. मराठी-कन्नड बोलणारी पोर नाही. जर्मनला तीन लिंगं आहेत, मराठीलाही, हिंदीला दोनच. मुलगी या अर्थाचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे यावर दिल्लीची मुलं हसतात, पण आपण ‘ते पोरगं’ म्हणतोच की. ‘चाक’ आणि ‘चांगला’ मधला च तिला जिभेवर आहे, तोच जर्मनच्या ‘त्सेन’ मधला पहिला आवाज. एवढं मात्र तिला सांगून ठेवा: पुण्यात गेल्यावर ती ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणाली की वर्गात कुणीतरी हसेल. बदलायची गरज नाही. तिच्या पुढच्या अभ्यासात बोलीभाषा हाच एक पेपर असेल.

माझा सल्ला विचाराल तर हो म्हणा, पण युरोपला आत्ता नाही. यंदा पुण्यात किंवा बेळगावातच बीएला घाला, वर्षात बी१ ची परीक्षा द्यायला लावा, आणि तिचा खर्च तुम्ही द्या. बी१ चे चार भाग असतात: वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. ते चारही सुटले तर पुढं बोलू, कारण इथलं बीएचं एक वर्ष झालेलं असेल आणि जर्मनीचं दारही तेव्हा किलकिलं झालेलं असेल. नाही सुटले तर बी.ए. आहेच, बँकेच्या परीक्षाही आहेत. बारा लाख तुमच्याकडेच असतील.

एक काम मात्र या महिन्यातच करा. तुमच्याकडच्या बहुतेक मुलांचं होतं ते हिचंही झालं असणार: जन्मदाखला कन्नडमध्ये, प्राथमिक शाळेचा दाखला मराठीत, एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्कशीट इंग्रजीत, आणि तिन्हीकडं नावाची तीन स्पेलिंगं. कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं आडनाव आधी, कुठं नुसतं एक अक्षर. पासपोर्टला आणि पुढं एपीएसला यातलं काहीच चालत नाही. एसएसएलसीवरचं नाव प्रमाण धरा, आधार त्याप्रमाणे करून घ्या, जन्मदाखल्यातली दुरुस्ती सुरू करा. तिला वेळ लागतो.