पक्ष्यांची यादी वहीत ठेवावी की ॲपवर, आणि किती जाती पाहिल्या म्हणजे माणूस गंभीर पक्षीनिरीक्षक ठरतो?

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे: कितीही जाती झाल्या तरी ठरत नाही. जगात आज अकरा हजारांच्या आसपास पक्षीजाती मानल्या जातात आणि त्यांतल्या किती तुमच्या यादीत आहेत, यावरून तुमच्याजवळ सवड किती आहे व प्रवासाची ऐपत किती आहे एवढेच कळते. वही की ॲप हा भाग मला दुय्यम वाटतो, त्याकडे शेवटी वळेन. यादीत काय लिहू नये हा खरा प्रश्न आहे, आणि याच मुद्द्यावरून माझे एका ज्येष्ठ पक्षीनिरीक्षकांशी जे बिनसले ते आजतागायत सावरलेले नाही.

हिवाळ्यात आमचा गट एका गवताळ माळावर भोवत्या, म्हणजे हॅरियर, पाहण्यासाठी गेला होता. हे शिकारी पक्षी दिवसभर विखुरलेले असतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास रातथाऱ्यासाठी गवतात एकत्र उतरतात, त्यामुळे ते हमखास दिसण्याची वेळ आणि दिवसातला सर्वांत वाईट उजेड या दोन्ही गोष्टी एकदमच वाट्याला येतात. पॅलिड आणि माँटेग्यू या दोन जातींचे प्रौढ नर ओळखणे फारसे अवघड नसते. पॅलिडचा नर खालून जवळजवळ पांढरा असून त्याच्या पंखांच्या टोकाला काळी पाचर असते, तर माँटेग्यूच्या नराच्या पंखावर आडवी काळी पट्टी असते. माद्या आणि अवयस्क पक्षी मात्र दोन्ही जातींत तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेले आणि पहिल्या नजरेला अगदी सारखे दिसतात. पॅलिडच्या गालावरील गडद डागामागे मानेभोवती ठळक फिकट पट्टा असतो आणि माँटेग्यूमध्ये तो तसा नसतो, हा त्यांच्यातला एक विश्वासार्ह फरक आहे. पण तो दिसण्यासाठी पक्षी जवळ हवा आणि उजेड आपल्या पाठीशी हवा. आमच्या समोरून गेलेला पक्षी दूर होता, मावळता सूर्य त्याच्या मागे होता आणि दुर्बिणीत नीट बसण्याआधीच तो गवतात उतरला.

गटाचे नेतृत्व करणाऱ्या ज्येष्ठांनी तत्काळ जाहीर केले, "पॅलिड, मादी." बहुतेकांसाठी ती जात नवी होती, म्हणजे त्यांच्या भाषेत लायफर होती, त्यामुळे सर्वांनी आनंदाने तसे लिहून घेतले. मानेभोवतीचा पट्टा कोणाला दिसला का, असे मी विचारले तेव्हा कोणीच उत्तर दिले नाही. मी माझ्या वहीत 'पॅलिड किंवा माँटेग्यू, मादी अथवा अवयस्क, १' अशी नोंद केली आणि शेजारी अंतर, उजेडाची दिशा व दिसलेल्या खुणा लिहिल्या. परतताना सर्वांची मिळून एक यादी तयार करायचे ठरले आणि तिथे माझी नोंद आडवी आली. "तुमच्या एका वहीसाठी सगळ्यांच्या यादीला शंकेचा डाग कशाला लावता? मी हे पक्षी किती वर्षे पाहतो आहे!" असे ते म्हणाले. "सर, मला पक्ष्याच्या ओळखीबद्दल शंका आहे, तुमच्याबद्दल नाही," असे मी सांगून पाहिले, परंतु त्यांना ते वाक्य शेवटचा 'नाही' गाळूनच ऐकू आले. त्यानंतर गटाच्या फेऱ्यांची निमंत्रणे मला येईनाशी झाली. यादी मी पुढेही तशीच ठेवत राहिलो आणि ती नोंद आजही वहीत तशीच आहे.

माझा तो हट्ट नव्हता, हे तटस्थपणे सांगता येते. २००२ मध्ये सुरू झालेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ईबर्ड या नोंदसंग्रहात अशा पक्ष्यांसाठी 'ही किंवा ती जात' असा पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे, आणि पॅलिड व माँटेग्यू या जोडीसाठीही तो उपलब्ध आहे. त्यात भर अशी की कोणत्या जातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत पॅलिड ही जात संकटाच्या उंबरठ्यावरील गटात मोडते, तर माँटेग्यू तुलनेने सुरक्षित मानली जाते. म्हणजे अंधूक उजेडातला प्रत्येक तपकिरी पक्षी पॅलिड म्हणून नोंदवला, तर जी जात विरळ होत चालली आहे तीच कागदावर मुबलक दिसू लागते. माझ्या मते ज्या यादीत 'ओळख पटली नाही' अशी एकही नोंद नाही, ती यादी ठेवणारा एक तर घराबाहेर पडत नसावा किंवा खोटे लिहीत असावा.

मोठ्या याद्यांबद्दल मला अढी आहे असे समजू नका. अमेरिकी पक्षीनिरीक्षक फीबी स्नेट्सिंगर यांना १९८१ मध्ये कर्करोगाचे निदान झाले, त्यानंतर त्या जगभर फिरल्या आणि आठ हजारांहून अधिक जाती पाहणाऱ्या पहिल्या व्यक्ती ठरल्या. परंतु त्यांच्या नोंदी नुसत्या खुणा करण्यापुरत्या नव्हत्या. वेगळ्या दिसणाऱ्या उपजातींबद्दलही त्या तपशीलवार लिहून ठेवत, आणि पुढे त्यांतल्या अनेक उपजाती स्वतंत्र जाती मानल्या गेल्या. ज्याने फक्त नावापुढे खूण केली आहे, त्याला वर्गीकरण बदलल्यावर आपण नेमके काय पाहिले होते हे सांगताच येत नाही.

जातींच्या संख्येपेक्षा पक्ष्यांची संख्या लिहिण्याची सवय लावून घ्या. नवखे लोक दुर्मीळ पक्ष्यावर अर्धे पान लिहितात आणि चिमण्या, साळुंक्या, पारवे यांना 'नेहमीचेच' म्हणून वगळतात. अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी १९०० च्या नाताळात पक्षी मारण्याच्या शर्यतीऐवजी पक्षी मोजण्याची प्रथा सुरू केली, तेव्हा अवघ्या २७ जणांनी जे दिसेल ते मोजले. अशा वर्षानुवर्षांच्या मोजणीमुळेच १९७० पासून उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची संख्या जवळजवळ तीन अब्जांनी घटल्याचे २०१९ मध्ये मांडता आले, आणि त्या घटीत सर्वपरिचित पक्ष्यांचा वाटा फार मोठा होता. आमच्या त्या ज्येष्ठांच्या यादीत चिमणी एकदाच आहे, कारण जात एकदा पाहून झाली की त्यांच्या लेखी विषय संपतो.

आता वही की ॲप. दोन्ही ठेवा. खुणा, वागणूक आणि शंका जागेवरच वहीत लिहा, आणि जाती, संख्या, वेळ व चाललेले अंतर ॲपवर भरा. ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत आहेत का, असे ॲप विचारते, तेव्हा ते खरोखर असतील तरच 'होय' म्हणा, कारण एखादा पक्षी न दिसणे ही माहिती फक्त अशा पूर्ण यादीतूनच मिळते. घरट्याची नेमकी जागा मात्र कोठेही उघड करू नका.

हेही सांगायला हवे की भोवत्या उडण्याच्या ढबीवरून लांबून ओळखायला मला त्याच ज्येष्ठांनी शिकवले आणि तो पक्षी पॅलिड असण्याची शक्यता मी कधीच नाकारली नव्हती. शिवाय केवळ मनाच्या समाधानासाठी यादी ठेवणाऱ्याला एवढी शिस्त पाळण्याची गरज नाही; पण मग ती यादी सार्वजनिक संग्रहात टाकू नये. टाकलीत आणि एखाद्या नोंदीबद्दल तेथील स्वयंसेवी परीक्षकाने नम्रपणे विचारणा केली, तर तो अपमान समजू नका, दिसलेल्या खुणा कळवा आणि खुणा नसतील तर नोंद 'ही किंवा ती' अशी बदलून टाका. आमच्या गटाच्या पॅलिडबद्दल अशी विचारणा आली होती आणि तिला अद्याप उत्तर गेलेले नाही, असे मी ऐकतो.