निसर्गात गेल्यावर मन खरंच निवतं का?

तुम्ही लिहिलंय की जप, ध्यान सगळं नेमाने चालू आहे, तरी आतून थकवा जात नाही. डोंगरावर जाऊन आलात, पण तिथेही डोक्यात ऑफिसच होतं. मग निसर्गात मन निवतं हे खरं, की नुसतं म्हणायचं?

खरं आहे. फक्त ते डोंगर चढून मिळत नाही, एका जागी बसून मिळतं, आणि बसल्याबरोबर तर नाहीच. सुरुवातीला ऑफिसच आठवणार, राहून गेलेले फोन आठवणार, कुणाचं तरी लागलेलं बोलणं आठवणार. बहुतेक जण नेमके याच वेळी उठतात, चार फोटो काढतात आणि परत फिरतात. खरं म्हणजे तेव्हाच अजून थोडं बसायला हवं.

मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने याचं कारण फार नेमकं मांडलंय. कामात आपण लक्ष ओढूनताणून एका जागी धरून ठेवतो, आणि दमते ती ही धरून ठेवायची शक्ती. हलणारी पानं, वाहतं पाणी, ढग यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, जोर लावावा लागत नाही. तेवढ्यात त्या शक्तीला उसंत मिळते. तुमचा जप सध्या कदाचित कामासारखाच चालला असेल : मन भरकटलं की धरून आणायचं, पुन्हा भरकटलं की पुन्हा. दमलेल्या मनावर तो आणखी एक भार होतो. म्हणून जाताना जपमाळ घरीच ठेवा. जप सोडायला सांगत नाहीये, तेवढ्या वेळापुरतं म्हणतेय.

मी नेहमी एकाच झाडाखाली बसते. खोडावर मुंग्यांची ये-जा चालू असते. वर जाणारी आणि खाली येणारी समोरासमोर आल्या की क्षणभर थांबतात, मिशांनी एकमेकींना चाचपतात आणि आपापल्या वाटेला लागतात. आपण आलो की आधी पाखरं गप्प होतात किंवा ओरडत लांब जातात. न हलता बसून राहिलं तर हळूहळू जवळच्या फांदीवर येऊन किडे टिपायला लागतात. माझं नाव, माझं पद, माझी अडलेली कामं, त्यांना कशाचंच देणंघेणं नसतं. मी नसले तरी हे सगळं असंच चालेल. हेच वाक्य घरी कुणी बोललं तर जिव्हारी लागेल, झाडाखाली मात्र ते कळतं तेव्हा फार हलकं वाटतं. मला शरण जाणं म्हणजे काय ते तिथे उमगलं, आणि प्रार्थना आपोआप सुरू होते ती त्यानंतरच. बुद्ध पिंपळाखाली बसले, येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जात, तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. वाटा वेगळ्या, पण सगळे घराबाहेर पडले हे मला महत्त्वाचं वाटतं.

ग्रुपबरोबर जाऊ नका. ट्रेकचा आनंद मोठाच, पण तिथे वेळेत माथा गाठायचा असतो, म्हणजे परत टार्गेट आलंच. एकटे जा, सुरक्षित जागी, घरी सांगून. फोन बंद. आणि दर वेळी तीच जागा : नव्या ठिकाणी नजर भिरभिरत राहते, ओळखीच्या जागी ती ठरते. मागच्या खेपेची तांबूस पालवी आता हिरवी झालीय, हे तिथेच दिसतं.

जंगल जवळ नसेल तरी अडत नाही. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण होते. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. नुसत्या खिडकीतून एवढं होत असेल तर बागेतलं एक झाड तुम्हाला पुष्कळ आहे. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ सालच्या अभ्यासात, आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ते दोन तास सलग असोत की तुकड्यातुकड्यांनी, फरक दिसला नाही. तेव्हा रोज वीस मिनिटंही चालतील.

मात्र झोप-भूक उडून आठवडे झाले असतील, कशातच रस उरला नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. झाडाखाली बसणं उपचारांच्या जोडीनेही चालू ठेवता येईल.