रेल्वेने सीमा ओलांडताना व्हॅटचा परतावा कोठे घ्यावा?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पॅरिसला उतरून तेथून रेल्वेने झुरिकला आणि पुढे रेल्वेनेच मिलानला जाणार आहोत, मुंबईचे परतीचे विमान मिलानहून आहे. मुलीच्या लग्नासाठी पॅरिसमध्ये काही खरेदी करायची आहे. व्हॅटचा (वस्तूच्या किमतीतल्या मूल्यवर्धित कराचा) परतावा विमानतळावर मिळतो असे सगळे सांगतात. परंतु पॅरिस सोडताना आम्ही विमानतळावर जाणारच नाही. मग परताव्याच्या अर्जावर कस्टम्सचा शिक्का कोठे घ्यावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण विमानाने जाता की रेल्वेने, यावर शिक्क्याची जागा ठरत नाही; विकत घेतलेला माल युरोपीय संघाची हद्द कोठे सोडतो, यावर ती ठरते. आपल्या प्रवासातली खरी अडचण स्वित्झर्लंड ही आहे. एकाच शेंगेन व्हिसावर तिन्ही देश पाहता येतात आणि सीमेवर नेहमीची पासपोर्ट तपासणीही नसते, त्यामुळे सीमा ओलांडल्याचे अनेकांच्या लक्षातच येत नाही. मात्र स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही आणि त्याच्या सीमाशुल्क क्षेत्रातही नाही. म्हणून फ्रान्समध्ये घेतलेला माल झुरिकच्या वाटेवर बाझेलच्या सीमेवरच संघाबाहेर गेला असे धरले जाते, आणि आपल्या अर्जावर शिक्का मारण्यासाठी गाडी तेथे थांबून राहत नाही. पॅरिसहून थेट स्वित्झर्लंडमधल्याच जिनिव्हाला गेल्यास मात्र शिक्क्याची सोय होऊ शकते, कारण तेथील कोर्नाव्हँ स्थानकात फ्रेंच कस्टम्सचा स्वतंत्र विभाग आहे. त्या मार्गाने जायचे असेल, तर कार्यालयाच्या वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात.

तरीही हा मार्ग मी सुचवणार नाही, कारण प्रश्न शिक्क्यावर संपत नाही. स्वित्झर्लंडमध्ये करमुक्त माल आणण्याची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून दरमाणशी १५० फ्रँक इतकी खाली आली आहे. पुढे तोच माल घेऊन आपण रेल्वेने इटलीत शिराल, तेव्हा संघात परत येणाऱ्या प्रवाशाला लागू असलेली ३०० युरोंची मर्यादा आड येईल. लग्नाची खरेदी एवढ्यात बसणे कठीण आहे.

म्हणून मोठी खरेदी मिलानमध्येच करावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. इटलीत व्हॅटचा सर्वसाधारण दर २२ टक्के आहे, आणि परताव्यासाठी एका दुकानातील खरेदी किमान १५४.९४ युरोंहून अधिक असावी ही जुनी अट फेब्रुवारी २०२४ पासून ७० युरोंवर आली आहे. दुकानात पासपोर्ट दाखवून परताव्याचा अर्ज तेव्हाच भरून घ्यावा. नंतर केवळ पावती दाखवून काम होत नाही. विमानतळावर सामान सोपवण्यापूर्वी कस्टम्सकडे जावे, कारण अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतात. परताव्याचे काम पाहणाऱ्या कंपन्या आपले शुल्क कापून घेतात, त्यामुळे पूर्ण कर हाती येईल असे मात्र गृहीत धरू नये.

पॅरिसचीच एखादी वस्तू हवी असेल, तर स्वित्झर्लंड आधी पाहून घ्यावे आणि नंतर पॅरिसहून मिलानला थेट गाडीने जावे. ही गाडी आल्प्स ओलांडून फ्रान्समधून सरळ इटलीत उतरते, माल संघातच राहतो, आणि फ्रेंच अर्जावर मिलानच्या विमानतळावर शिक्का घेता येतो. फ्रान्समध्ये एका दुकानातील खरेदी १०० युरोंहून अधिक असावी लागते. खरेदीचा महिना संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत माल संघाबाहेर जायला हवा, ही अट दोन्ही देशांत सारखीच आहे.

प्रश्न : आम्ही पॅरिसहून युरोस्टारने लंडनला आणि तेथून विमानाने मुंबईला येणार आहोत. दोन्ही शहरांतील खरेदीचा परतावा हीथ्रोवर मिळेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ब्रिटन संघाबाहेर असल्यामुळे फ्रेंच अर्जाचे काम पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकावरच, युरोस्टारच्या तपासणीत शिरण्यापूर्वी पूर्ण करावे लागते. तेथे कस्टम्सची ‘पाब्लो’ यंत्रे आहेत. अर्जावरील बारकोड यंत्रासमोर धरला आणि हिरवा संदेश आला, म्हणजे मंजुरी मिळाली, वेगळ्या शिक्क्याची गरज उरत नाही. लाल संदेश आल्यास वस्तू, पावती आणि पासपोर्ट घेऊन शेजारच्या खिडकीवर अधिकाऱ्याला भेटावे. युरोस्टारच्या पासपोर्ट तपासणीलाच बराच वेळ लागतो, त्यामुळे या कामासाठी आणखी एक तास हाताशी ठेवावा.

लंडनच्या खरेदीवर परतावा मिळणार नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये प्रवाशांसाठी असलेली ही सवलत १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली आहे. दुकानाने वस्तू परस्पर भारतात पाठवली, तरच व्हॅट वगळून किंमत लावता येते. तशी वस्तू भारतात आल्यावर तिच्यावर येथील आयातशुल्क लागू शकते, हे धरूनच हिशेब करावा.