चाचणीचा आकडा चढला, पण मुलगा तर मजेत खेळतोय!

प्रश्न : माझ्या 9 वर्षांच्या मुलाला दमा आहे. पहिल्यांदा श्वासाची फेनो चाचणी केली तेव्हा आकडा 44 आला होता. रोजचा स्टेरॉइडचा पंप सुरू केल्यावर तो 19 वर उतरला. परवा मात्र 52! मुलाला खोकला नाही, रात्री शांत झोपतो, फुटबॉल खेळतो (आता पंपही स्वतःचा स्वतः घेतो). डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर मीच डोस वाढवू का? की मशीनच बिघडलं असेल? – एक आई

उत्तर : डोस तुम्ही वाढवू नका, आणि मशीनला लगेच दोषही देऊ नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. पंप 'स्वतःचा स्वतः' घेतो म्हणजे तो नेमकं काय करतो, हे अलीकडे कधी शेजारी उभं राहून पाहिलंय का?

हे का विचारते, ते सांगते. ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला आतून सूज येते आणि त्या सुजलेल्या अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू नेहमीपेक्षा जास्त तयार करतात. तोच वायू उच्छ्वासात मोजायचा, म्हणजे फेनो चाचणी. मोजमाप पीपीबीमध्ये, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे किती भाग. 12 वर्षांखालच्या मुलांत 20 पेक्षा कमी आकडा आला तर अशी सूज फारशी नसावी, 35 च्या वर गेला तर ती असण्याची शक्यता बरीच. मधल्या पट्ट्यात नुसत्या आकड्यावरून बोलण्यात अर्थ नाही. पंपातलं स्टेरॉइड नेमकी हीच सूज उतरवतं. औषध रोज, नीट छातीत पोचू लागलं की आकडा काही दिवसांतच खाली येऊ लागतो. आणि तुमच्या मुलाचा एकदा 19 वर आलेला आहे. म्हणजे त्याच्यावर औषध चालतं, हे सिद्धच झालंय. तरी आता 52 असेल, तर माझी पहिली शंका ही की औषध पोटात, जिभेवर किंवा हवेत जातंय. छातीत जात नाहीये. नाहीतर घेतलंच जात नाहीये.

मी मुलांच्या छातीच्या विकारांची डॉक्टर. आकडा असा उसळला की मी आधी मुलाच्या हातात पंप देते आणि म्हणते, "घे बघू, घरी घेतोस तसा." काय काय दिसतं! पंप न हलवताच दाबणं, स्पेसरमध्ये (पंपाला जोडायच्या नळकांड्यात) दोन फवारे लागोपाठ मारणं, तोंडाला नीट न लावणं, दाबल्यावर घाईत एकच श्वास घेऊन 'झालं' म्हणणं. पंपावर उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसत असेल तर तोही बघा. महिनाभर वापरलेला पंप जवळजवळ भरलेला असला, तर उत्तर तिथेच मिळालं. मुलाला रागवू नका मात्र. बरं वाटत असताना रोज औषध घेणं मोठ्यांनाही जमत नाही. भेटीपर्यंत सकाळ-संध्याकाळ, जेवढा डोस लिहून दिलाय तेवढाच, तुमच्या डोळ्यांसमोर घेऊ द्या आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ते कदाचित डोस न वाढवता काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतील.

आकडा वाढायची इतर कारणंही आहेत. नुकतीच झालेली सर्दी, ॲलर्जीची शिंकाळी, परागकण किंवा घरातली धूळ. चाचणीआधी पालक किंवा बीट खाल्लं तरीही, कारण त्यांत नायट्रेट भरपूर असतं. उलट, त्याच दिवशी आधी जोराने फुंकायची स्पायरोमेट्री झाली असेल तर आकडा कमी येऊ शकतो. म्हणून दोन्ही असतील तर फेनो आधी, हा क्रम. सिगारेटच्या धुरानेही आकडा उतरतो, त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही.

आता, मुलगा खेळतोय त्याचं काय? त्यालाही तितकंच वजन द्यायचं. काही मुलांचा आकडा चढाच राहतो आणि त्रास काही नसतो. काहींचा दमा ॲलर्जीचा नसतोच. त्यांना धाप लागलेली असतानाही आकडा 12 निघतो. ब्रिटनमध्ये 509 मुलांवर झालेला एक अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. एका गटात लक्षणं पाहून औषध ठरवलं, दुसऱ्यात लक्षणांच्या जोडीला फेनोही पाहिला. वर्षभरात दम्याच्या तीव्र झटक्यांत दोन गटांमध्ये ठळक फरक पडला नाही. आधीच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात मात्र फेनो पाहिल्याने झटके कमी झाल्याचं दिसलं होतं, त्यामुळे तज्ज्ञांत एकमत नाही. माझं मत विचाराल तर प्रत्येक भेटीला आकड्यामागे धावून डोस वरखाली करणं मला पटत नाही. औषध पोचतंय का, हे ओळखायला मात्र ही चाचणी फार उपयोगी पडते.

आणि आकडा काहीही असो, आराम देणारा पंप (रोजचा नव्हे, त्रास झाल्यावर घ्यायचा) वारंवार लागू लागला, बोलताना वाक्य पुरं होईना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, तर भेटीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : नातीचं वय 4. तिची फेनो चाचणी तीनदा 'फेल' आली. तिला फुंकर मारता येत नाही की फुप्फुसं कमजोर आहेत? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, नात फेल नाही, चाचणी तिच्या वयाची नाही. यात आधी मशीनमधून गाळून आलेली हवा छातीभर घ्यायची आणि मग एकाच संथ वेगाने, सेकंदाला 50 मिलिलिटर, बाहेर सोडत राहायची. लहान मुलांना सहा सेकंद, मोठ्यांना दहा. पडद्यावर ढग किंवा फुगा असतो, तो दोन रेघांच्या मध्ये तरंगत ठेवायचा. मुलं पहिल्यांदा केक समोर असल्यासारखी फुंकतात आणि ढग पडद्याबाहेर! वेग वाढला की वायू विरळ होतो आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून मशीन ती फुंकर नाकारतं. फुंकताना थोडा अडथळाही मुद्दाम ठेवलेला असतो. त्यामुळे टाळू वर उचलली जाते आणि नाकातली हवा मिसळत नाही. नाकात हा वायू छातीपेक्षा कितीतरी जास्त असतो. एवढी कसरत साधारण पाच-सहा वर्षांनंतर जमते. तोवर डॉक्टर तिच्या खोकल्याचं, घरघरीचं आणि औषधाने पडलेल्या फरकाचं ऐकून ठरवतील. तुम्ही रात्रीच्या खोकल्याची नोंद ठेवा, ती या वयात जास्त उपयोगाची. जमल्यास घरघरीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा.

प्रश्न : मुलगी 12 वर्षांची. घरी पीक फ्लो मीटर आणलंय, पण रोज वेगळाच आकडा येतो. – एक बाबा

उत्तर : हे मशीन फेनोच्या उलट आहे. इथे उभं राहून, छाती भरून, एकदम जोरात फुंकायचं. सूज नव्हे, हवा किती वेगाने बाहेर पडते ते कळतं. तीनदा फुंकायचं, सर्वात मोठा आकडा लिहायचा, सरासरी काढायची नाही. सकाळचा आकडा संध्याकाळपेक्षा थोडा कमी असतोच. तब्येत ठणठणीत असताना दोन आठवडे मोजून तिचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा ठरवा. त्याच्या 80 टक्क्यांच्या वर हिरवा पट्टा. 50 ते 80 मध्ये पिवळा, तिथे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे वागा. 50 च्या खाली लाल, म्हणजे आराम देणारा पंप आणि तातडीने डॉक्टर. मीटर नेहमी तेच वापरा, दोन कंपन्यांच्या मीटरांचे आकडे जुळत नाहीत. या वयात मुली भराभर उंच होतात, त्यामुळे सर्वोत्तम आकडा अधूनमधून नव्याने काढा. मागच्या वर्षीचाच धरून बसलात तर खालावलेला श्वासही हिरव्या पट्ट्यात दिसेल.