गंधरस, अगरू आणि 'मसाला भरलेले' प्रेत

एका वाचकाचा प्रश्न असा: योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या दफनाच्या वेळी निकदेम नावाचा यहुदी पुढारी गंधरस आणि अगरू यांचे मिश्रण घेऊन येतो. हा गंधरस कसला रस? अगरू म्हणजे अगरबत्तीतला अगरच का? आणि यहुदी लोकही मिसरी (प्राचीन इजिप्तच्या) लोकांसारखे प्रेतात मसाला भरून ते टिकवत, असे यावरून म्हणावे का?

शेवटच्या प्रश्नाला आधीच 'नाही' म्हणून ठेवतो. कारण पुढे येईल. त्याआधी दोन्ही शब्द पाहू.

गंधरस म्हणजे आपला हिराबोळ. काष्ठौषधींच्या दुकानात बाळंतिणीच्या औषधांची यादी दिली की तांबूस-तपकिरी खड्यांची जी पुडी मिळते, तीच ही वस्तू. यातल्या 'रस' शब्दाने फसायला होते, कारण आपल्याला रस म्हटला की उसाचा नाहीतर आंब्याचा आठवतो. इथे झाडाच्या सालीतून पाझरून वाळलेला चीक अभिप्रेत आहे. अमरकोशात 'बोल' आणि 'गन्धरस' हे एकाच वस्तूचे पर्याय म्हणून आले आहेत. म्हणजे बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी शब्द घडवलेला नाही, संस्कृतातला तयार शब्द उचलला. मला ही निवड आवडते. मात्र तळटीपेत 'हिराबोळ' एवढे लिहिले असते तर वाचकांच्या कितीतरी पिढ्यांना तो चटकन ओळखता आला असता.

हिब्रूत याला 'मोर' म्हणतात आणि अरबीत 'मुर्र'. दोन्हींच्या मुळाशी कडूपणाचा धातू आहे. खडा जिभेवर ठेवून पाहिला की हे वेगळे सांगावे लागत नाही. झाडे सोमालिया, येमेन या कोरड्या पट्ट्यातली, काटेरी आणि खुरटी. आपल्याकडचा गुग्गुळ याच कुळातला, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने अगदी सख्खा. याला राळ म्हणावे की डिंक, असाही प्रश्न येतो. पाण्यात विरघळतो तो डिंक, विरघळत नाही ती राळ. हिराबोळात दोन्ही अंश असतात, शिवाय उडून जाणारे सुगंधी तेलही. त्यामुळे तो निखाऱ्यावर धुमसत राहतो. भाषणात जी 'उडवली' जाते त्या राळेसारखा भडकत नाही.

आता अगरू. इथे घोटाळा व्हायला भरपूर जागा आहे. ग्रीक मूळ शब्द 'अलोए' आहे, आणि आज हे नाव ऐकताच कोणाच्याही डोळ्यांपुढे कोरफड येते. कोरफडीचा चीक आटवून जो काळा खडा करतात त्याला आपण काळाबोळ म्हणतो. एक हिराबोळ, दुसरा काळाबोळ; निकदेमाने बोळाची जोडीच आणली असे म्हणायचा मोह होतो. पण काळाबोळाला सुगंध म्हणावा असे काही नसते. आणि हिब्रू शास्त्रात 'अहालीम' किंवा 'अहालोत' जिथे येते तिथे बहुधा सुगंधच चालू असतो: स्तोत्र ४५ मध्ये राजाच्या वस्त्रांना मोर आणि अहालोत यांचा वास आहे, नीतिसूत्रांच्या ७व्या अध्यायात बिछान्यावर हेच शिंपडले आहे. म्हणून बहुतेक अभ्यासक हे आसामपासून पूर्वेकडे होणारे अगरूचे लाकूड मानतात. हिब्रू 'अहालीम', तमिळ 'अकिल' आणि संस्कृत 'अगरु' यांचे नातेही बरेच जण लावतात. अगरूचे निरोगी लाकूड पांढुरके आणि जवळजवळ वासहीन असते. झाडाला जखम होऊन बुरशी शिरली की बचावासाठी ते आत राळ साठवते, लाकूड काळे-जड होते, आणि त्याच काळ्या भागाला किंमत येते. तेव्हा मराठी बायबलने कोरफड टाळून अगरू घेतला हे उत्तम केले. तुमच्या अगरबत्तीचे नाव याच अगरूवरून पडले आहे. आजच्या काडीत मात्र तो क्वचितच असतो.

गंमत पुढेच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस देतात. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड, आणि सुगंधाच्या बाजारात थेट अगरूच. मराठीत येईपर्यंत तो शब्द धुपाच्या राळेला चिकटला. उदबत्ती त्यातूनच आली. मराठी बायबलमधला ऊद हा हिब्रू 'लवोना', अरबी 'लुबान'. दोन्हींत पांढरेपणाचा अर्थ. आपल्या जंगलातल्या सालईच्या जातभाईंचा हा चीक. म्हणजे बायबलमधला 'अगरू' हा अरबांचा ऊद, आणि बायबलमधला 'ऊद' हा अरबांचा लुबान. आपल्या दुकानात लोबान मागितले तर हातात पडते ते बहुधा जावा-सुमात्राकडच्या तिसऱ्याच झाडाचे असते. नावांवर विसंबून या पदार्थांचा माग काढू नये तो एवढ्यासाठीच. एक नोंद: बायबलमधल्या दफनाच्या वर्णनांत ऊदाचे नाव नाही. त्याची खरी जागा मंदिरातल्या धूपवेदीवर होती, आणि त्या धुपाचे मिश्रण स्वतःच्या हौसेसाठी करायला निर्गम ३० मध्ये सक्त मनाई आहे.

आता मसाल्याकडे. प्रेत टिकवण्याचे दोन स्पष्ट उल्लेख उत्पत्तीच्या ५०व्या अध्यायात आहेत: इस्राएलचा पूर्वज याकोब आणि त्याचा मुलगा योसेफ. दोघेही मिसरात वारले, याकोबावरचे काम मिसरी वैद्यांनी केले आणि त्याला ४० दिवस लागले. तिथे हिब्रू क्रियापद 'ख-न-ट' धातूचे आहे. गीतरत्नात हाच धातू अंजिराची फळे पिकण्यासाठी येतो, ही जाता जाता नोंदण्याजोगी गोष्ट. येशूच्या दफनात असे काही घडत नाही. पोट उघडणे नाही, क्षारात सुकवणे नाही. देह सुगंधी द्रव्यांसह तागाच्या पट्ट्यांनी गुंडाळला, यहुद्यांच्या रीतीप्रमाणे, एवढेच योहान सांगतो.

शिवाय त्या काळच्या यरुशलेमच्या परिसरात देह टिकावा अशी अपेक्षाच नव्हती. उलट तो झिजावा अशी होती. खडकात कोरलेल्या कौटुंबिक गुहेत प्रेत ठेवत, साधारण वर्षभराने उरलेल्या अस्थी गोळा करून दगडी पेटीत भरत. इ.स. ७० पूर्वीच्या शंभर वर्षांतल्या अशा पेट्या तिथे मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. एकाच गुहेत घरातल्या नव्या मृतासाठी पुन्हा शिरावे लागे. येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराच्या थडग्यावरची धोंड काढायला सांगितल्यावर त्याची बहीण मार्था जे म्हणते, चार दिवस झाले, आता दुर्गंधी येत असेल, ती या गुहांची रोजची अडचण होती. सुगंधी द्रव्ये यासाठी होती.

हे मी माझ्या तर्काने म्हणत नाही. मिश्ना या ज्यू नियमसंग्रहाच्या बराखोत भागात नियम आहे की मृतांसाठीच्या सुगंधी द्रव्यांवर आशीर्वाद म्हणायचा नाही. एरवी चांगला वास घेताना ज्यू परंपरेत देवाचे आभार मानतात. मग इथे का नाही? मिश्नेवरच्या चर्चेचा ग्रंथ तल्मूद कारण देतो: ही द्रव्ये वास घेण्यासाठी नसतात, वास घालवण्यासाठी असतात. एवढा नेमका खुलासा सापडल्यावर 'टिकवण्या'ची भाषा बंद व्हायला हवी.

तल्मूदच्याच मोएद कातान या भागातली हकिकत तर मला याहून मोलाची वाटते. पूर्वी पोटाच्या विकाराने मेलेल्यांच्या खालीच 'मुगमर', म्हणजे निखाऱ्यावरचा धूप, ठेवत. त्यामुळे तोच विकार असलेल्या जिवंत माणसांना लाज वाटे: आपण मेल्यावर आपल्याखालीही असेच ठेवतील. म्हणून ठराव झाला की धूप सगळ्यांच्याच खाली ठेवायचा. त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता की नातलगांना तो मरणापेक्षा जड जाई, आणि काही जण प्रेत टाकून पळून जात. रब्बान गमलियेल या ज्यू धर्मगुरूने स्वतःला साध्या तागाच्या वस्त्रात न्यायला लावले, तेव्हा लोकांनी तो पायंडा धरला.

या पार्श्वभूमीवर निकदेमाचे १०० लित्रा वाचा. रोमन लित्रा सुमारे ३२७ ग्रॅमचा, म्हणजे मिश्रण जवळपास ३३ किलो झाले. नुसता वास झाकायला इतके लागत नाही. हा राजाचा थाट आहे, आणि योहानाला तेच सुचवायचे असावे असे अनेक टीकाकार मानतात. मलाही ते पटते. राजांचे दाखले आहेतच. यहूदाचा राजा आसा याला गंधकाराने केलेल्या नाना सुगंधांनी भरलेल्या बिछान्यावर ठेवले आणि त्याच्या मानार्थ मोठा जाळ केला, असे दुसऱ्या इतिहासाच्या १६व्या अध्यायात आहे. (जाळ मानार्थ, देह थडग्यातच गेला. 'दहन' शब्दाने मराठी वाचक हमखास चितेकडे वळतो.) आतड्यांच्या रोगाने मेलेल्या यहूदाच्याच राजा यहोरामाला लोकांनी हा मान दिला नाही. इ.स.पू. ४ मध्ये यहूदियाचा राजा हेरोद वारला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत ५०० सेवक सुगंधी द्रव्ये घेऊन चालले होते, असे इतिहासकार योसेफस लिहितो.

तेव्हा शब्दयोजनेपुरते माझे मत: 'प्रेतात मसाला भरला' हे याकोब आणि योसेफ यांच्यासाठी राखून ठेवावे. येशू, आसा, हेरोद यांच्याबाबत 'सुगंधी द्रव्ये लावली', 'सुगंधी द्रव्यांसह गुंडाळले' किंवा 'सुगंधी द्रव्यांत ठेवले' यांपैकी प्रसंगाला जे बसेल ते. आणि गंधरसापुढे कंसात हिराबोळ लिहायला संपादकाने हरकत घेऊ नये.